अश्वशक्ती पुरे झाली, आता मजबुतीचं बोला

डोंगरात चालवायच्या स्नोमोबाइलची जाहिरात उघडली की दोन आकडे आधी डोळ्यांत भरतात: अश्वशक्ती किती आणि वजन किती. तिसरा आकडा कुठेच नसतो. बर्फाखाली दडलेल्या ओंडक्यावर आदळल्यावर या यंत्राचं काय होईल, तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात सांगाड्याला तडे जातील का, मोडलेला भाग गॅरेजमध्ये बदलता येईल की सगळं यंत्रच भंगारात जाईल, याबद्दल एक अक्षर नसतं. वजन, मजबुती आणि ताकद यांचा तोल सांभाळणं हेच या यंत्राच्या रचनेचं मर्म, असं कंपन्याही सांगतात. पण तिघांपैकी दोघांचेच आकडे छापले जातात, तेव्हा तोल कुणाच्या पदरातून काढून साधला जातो हे उघड आहे. माझं म्हणणं असं की ताकदीची शर्यत आता थांबायला हरकत नाही, वजन प्रामाणिकपणे मोजलं गेलं पाहिजे आणि मजबुतीला कागदावर जागा मिळाली पाहिजे.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं वर्णन. पुढे दोन स्की, मागे रबराचा एक लांब पट्टा म्हणजे ट्रॅक, पुढच्या भागात इंजिन आणि मधे, बहुतेक वेळ उभाच असलेला, चालवणारा. तयार केलेल्या वाटांवरून धावणारी स्नोमोबाइल वेगळी आणि डोंगरातली वेगळी. डोंगरातल्या यंत्राचा ट्रॅक 154 ते 165 इंचांचा, कधी 175 इंचांपर्यंतचा असतो, म्हणजे पूर्ण वेढा साधारण चार मीटर किंवा त्याहून जास्त भरतो. रुंदी 15-16 इंच. त्यावरची रबरी वल्ही अडीच ते तीन इंच उंच असतात, कारण भुसभुशीत बर्फात पकड अशी नसतेच, बर्फ मागे लोटूनच पुढे जायचं असतं. चालवणाऱ्यासकट साडेतीनशे किलोंचा भार एवढ्या लांब पट्ट्यावर पसरला की बर्फावर येणारा दाब चालणाऱ्या माणसाच्या पावलाच्या दाबापेक्षा कितीतरी कमी भरतो. माणूस कमरेपर्यंत रुततो तिथे हे यंत्र तरंगल्यासारखं जातं. निदान चालू असेपर्यंत तरी.

थांबलं की मात्र वजनाची खरी किंमत कळते. उतारावर, झाडांच्या मधे, नाकापर्यंत बर्फात रुतलेलं यंत्र काढायला क्रेन येत नाही. फावडं असतं आणि दोन हात असतात. शिवाय या प्रकारात यंत्र वळतं ते हँडलने कमी आणि अंगाने जास्त. उतार आडवा कापताना चालवणारा एका बाजूच्या पायपट्टीवर उभा राहून सगळं यंत्र डोंगराच्या बाजूला कलतं धरून ठेवतो. दिवसभर हे करायचं म्हणजे यंत्राच्या वजनाशी दिवसभर कुस्ती. म्हणून हलकेपणाचा आग्रह हा नुसता जाहिरातबाजीचा भाग आहे असं कुणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही. अवजड चार-स्ट्रोक इंजिनं, मग ती कितीही ताकदीची असोत, खोल बर्फात लोकप्रिय झाली नाहीत याचं कारण हेच. दोन-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्हचा पसारा नसतो, दर फेऱ्याला त्यात ज्वलन होतं, त्यामुळे तेवढ्याच ताकदीसाठी ते हलकं पडतं. मोटरसायकलींच्या दुनियेतून जवळपास हद्दपार झालेलं हे इंजिन डोंगरी स्नोमोबाइलमध्ये अजून राज्य करतं ते उगीच नाही.

प्रश्न हलकेपणाचा नाही, तो मोजण्याचा आहे. छापलेलं वजन बहुतेक वेळा कोरडं असतं: पेट्रोल नाही, ऑइल नाही, कूलंट नाही. टाकीत साधारण 40 लिटर पेट्रोल मावतं, त्याचंच वजन 30 किलोंच्या आसपास. बाकीचे द्रव धरले की फरक 35 ते 40 किलोंवर जातो. कागदावर 200 किलोंचं दिसणारं यंत्र सकाळी पार्किंगमधून निघतं तेव्हा 240 किलोंचं असतं, आणि दुपारी टनेलच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या आच्छादनाच्या, आत, पायपट्ट्यांवर, सस्पेन्शनच्या खाचांत बर्फ गोठून बसलं की आणखी जड झालेलं असतं. त्या बर्फाचा हिशेब कुणीच देत नाही. पायपट्ट्या जाळीदार ठेवून, कोपरे बुजवून बर्फ साचूच नये अशी रचना करणारा डिझायनर जे किलो वाचवतो ते माहितीपत्रकात कधीच दिसत नाहीत, आणि महागडा बोल्ट घालून शंभर ग्रॅम वाचवणाऱ्याचे दिसतात. मोटरसायकलवाल्यांनी हा खेळ बऱ्याच अंशी सोडला. आज बहुतेक कंपन्या द्रवांसकट, चालवायला तयार अशा गाडीचं वजन देतात आणि त्यामुळे कुणाची विक्री बुडालेली नाही.

शिवाय सगळे किलो सारखे नसतात. ट्रॅकमधला एक किलो आणि सीटखालचा एक किलो यांत किती अंतर आहे ते शाळेतल्या भौतिकशास्त्राने मोजता येतं. घसरण नसेल तर ट्रॅकचा खालचा भाग जमिनीच्या सापेक्ष स्थिर असतो आणि वरचा यंत्राच्या दुप्पट वेगाने पुढे धावत असतो. सरासरी काढली तर ट्रॅकच्या प्रत्येक किलोत नुसत्या वाहून नेलेल्या किलोच्या दुप्पट गतिज ऊर्जा साठते. खोल बर्फात ट्रॅक घसरत, म्हणजे यंत्रापेक्षा बराच जास्त वेगाने फिरत असतो, तेव्हा हे प्रमाण दुपटीवर थांबत नाही. ट्रॅकचा वेग यंत्राच्या दुप्पट असेल तर हिशेब पाचपटीवर जातो. यंत्र जागेवरून किती चटकन उसळी घेतं, थ्रॉटलला, म्हणजे अंगठ्याने दाबायच्या ॲक्सिलरेटरला, किती लवकर दाद देतं, याचं उत्तर पुष्कळदा इंजिनात नसून ट्रॅकच्या वजनात, त्याच्या आडव्या काड्यांत आणि क्लचच्या फिरत्या वस्तुमानात असतं. तसंच उंचीचं. हँडलजवळचे दोन किलो कलत्या यंत्राला सावरताना जेवढे जाणवतात तेवढे खाली, ट्रॅक फिरवणाऱ्या ड्राइव्हशाफ्टपाशी असलेले जाणवत नाहीत. एकूण वजनाचा एकच आकडा छापला की हे सगळं त्याच्याखाली गाडलं जातं, आणि ग्राहक दोन यंत्रांत तीन किलोंचा फरक बघून निर्णय घेतो.

आता मजबुतीकडे. यंत्र एक मीटर उंचीवरून पडलं आणि सस्पेन्शन व बर्फ मिळून 25 सेंटिमीटरमध्ये थांबलं, तर त्या थांबण्याच्या काळात सरासरी बल एकूण वजनाच्या पाचपट असतं. क्षणिक कमाल त्याहून जास्त. हे भार दिवसातून अनेकदा, हिवाळाभर येतात. सांगाडा बहुतांशी ॲल्युमिनियमचा असतो. ॲल्युमिनियम थंडीत ठिसूळ होत नाही ही त्याची मोठी जमेची बाजू, साध्या पोलादाबद्दल तेवढ्या खात्रीने बोलता येत नाही. पण ॲल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. पोलादावरचा ताण ठरावीक पातळीखाली ठेवला तर ते जवळजवळ अनंत फेरे सोसतं. ॲल्युमिनियमच्या बाबतीत लहान ताणही पुरेशा वेळा आला की कधीतरी तडा जातोच. त्यामुळे जाडी दशांश मिलिमीटरने कमी केली तर नवं यंत्र तितकंच दणकट वाटेल, चाचणी फेरीत काहीच जाणवणार नाही, आणि बिल येईल ते चौथ्या वर्षी, बहुधा दुसऱ्या मालकाला. मूळ वॉरंटी साधारण एका वर्षाची. कंपनीच्या दृष्टीने हा व्यवहार फायद्याचा आहे, एवढंच मी म्हणतो. प्रत्येक कंपनी तो करतेच असं नाही.

हलकं म्हणजे कमकुवत, हे समीकरणही मला मान्य नाही. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या एक तृतीयांश आणि ताठपणाही साधारण एक तृतीयांश, म्हणजे नुसता धातू बदलून फारसं काही हाती लागत नाही. फायदा होतो तो आकारामुळे. जाडी तीच ठेवून नळीचा व्यास वाढवला की वाकण्याविरुद्धचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो आणि वजन फक्त व्यासाच्या पटीत. पोलॅरिस कंपनीने 2011च्या प्रो आरएमके या डोंगरी मॉडेलमध्ये सांगाड्याचे भाग चिकटद्रव्याने जोडले आणि काही ठिकाणी कार्बन फायबर वापरलं. चिकटवलेल्या जोडात भार छिद्राभोवती एकवटत नाही, सगळ्या पृष्ठभागावर पसरतो, त्यामुळे थकव्याच्या बाबतीत तो रिव्हेटपेक्षा, म्हणजे छिद्रातून ठोकलेल्या धातूच्या खिळीपेक्षा, सरस ठरू शकतो. ही खरी अभियांत्रिकी होती. डोकं चालवून वाचवलेलं वजन आणि कापून वाचवलेलं वजन यांत फरक असतो. मात्र चिकटवलेल्या सांगाड्याची दुसरी बाजू अशी की तो वाकला तर गॅरेजमध्ये वेल्डिंग करून भागत नाही, उष्णतेने चिकटद्रव्यच जातं. रिव्हेटचा टनेल छिद्रं मारून उतरवता आणि बदलता येतो.

इथेच मला या यंत्राच्या रचनेतला सगळ्यात शहाणपणाचा, आणि सगळ्यात कमी चर्चा होणारा, भाग दिसतो: काय आधी मोडावं हे ठरवणं. पुढची स्की झाडाच्या बुंध्यावर आदळली तर काहीतरी वाकणारच. चांगल्या रचनेत आधी ए-आर्म, म्हणजे स्कीला सांगाड्याशी जोडणारा दांडा, वाकतो. तो स्वस्त असतो, चार बोल्ट काढून बदलता येतो, आणि वाकताना धडकेची ऊर्जा स्वतः खातो. वाईट रचनेत, किंवा उत्साहाच्या भरात जास्त मजबूत ए-आर्म बसवलेल्या यंत्रात, तोच धक्का मागे बल्कहेडपर्यंत, म्हणजे ए-आर्म ज्याला जोडलेले असतात त्या सांगाड्याच्या पुढच्या भागापर्यंत, जातो. बल्कहेड वाकलं की विमा कंपनी बहुधा पूर्ण यंत्रच बाद ठरवते. म्हणजे मजबुती जास्त झाली की यंत्र जास्त टिकतं, हेही सरसकट खरं नाही. कुठला भाग किती मजबूत आणि कुणाच्या तुलनेत, हा प्रश्न आहे. ए-आर्मला जाडजूड पर्याय विकणारे सुटे भागवाले याबद्दल चकार शब्द काढत नाहीत.

वजनासाठी मजबुतीबरोबर आणखीही काही गोष्टी बळी जातात. डोंगरी स्नोमोबाइलला मोटारीसारखा रेडिएटर नसतो. कूलंट टनेलखालच्या पट्ट्यांतून फिरतो आणि ट्रॅक मागे फेकतो त्या बर्फाने गार होतो. या पट्ट्या आखूड ठेवल्या की वजन कमी होतं, पावडरमध्ये, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फात, काहीच अडत नाही, आणि डोंगरापर्यंतच्या कडक, घट्ट वाटेवर इंजिन तापतं. मग लोक बर्फ खरवडून वर उडवणाऱ्या तारा लावतात. आर्क्टिक कॅट कंपनीने 2019च्या मॉडेलपासून मागच्या सस्पेन्शनमध्ये दोनऐवजी एकच मधली रेल बसवली. वजन घटलं, ट्रॅकच्या कडा मोकळ्या झाल्या, यंत्र उतारावर सहज कलायला लागलं. तीच मोकळीक कडक, सपाट बर्फावर मात्र डळमळीत वाटते. इंजिनाची ताकद ट्रॅककडे नेणाऱ्या साखळीच्या जागी दातेरी पट्टा आणण्याचंही तेच. वजन आणि ऑइल वाचतं, पण उंचीप्रमाणे गिअरिंग बदलायचं तर साखळीइतकी मोकळीक राहत नाही. या निवडी चुकीच्या आहेत असं मी म्हणत नाही. फक्त प्रत्येक किलोची किंमत कुठेतरी वळती होत असते आणि ती कुठे वळती झाली हे विकणाऱ्याने सांगितलं पाहिजे.

ताकदीच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. 850 सीसीचं दोन-स्ट्रोक इंजिन समुद्रसपाटीला सुमारे 165 अश्वशक्ती देतं. दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के घट धरली तर 3000 मीटरवर त्यातली 120च्या आसपास उरते, कारण तिथली हवाच विरळ असते. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातली टॉगवॉटी खिंड साधारण याच उंचीवर आहे. तिथल्या चालवणाऱ्याला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारी जोडणी, हवीशी वाटणं मी समजू शकतो. स्की-डू कंपनीने 2020च्या मॉडेल वर्षात 850 ई-टेक टर्बो आणला, कारखान्यातूनच टर्बो बसवलेलं पहिलं दोन-स्ट्रोक स्नोमोबाइल इंजिन, तेव्हा त्याचा दावाही तसाच होता: समुद्रसपाटीची 165 अश्वशक्ती 8000 फुटांपर्यंत कायम ठेवायची. डोंगराने हिरावलेलं परत द्यायचं, वर काही घालायचं नाही. टर्बोचा हा सगळ्यात समजूतदार उपयोग होता. पण दोन-तीन वर्षांतच 180 अश्वशक्तीची आवृत्ती आली. पोलॅरिसनेही 2021मध्ये आपला टर्बो जाहीर केला, आणि शर्यत पुन्हा सुरू झाली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, जिथे बरंच चालवणं दोन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याखाली होतं, तिथेही आज टर्बो मिरवला जातो.

वाढीव ताकद एकटी येत नाही. टर्बोचं स्वतःचं वजन, त्याची नळकांडी, उष्णतेपासून बचाव, तापणारा क्लच, लवकर झिजणारा बेल्ट, मग बेल्ट थंड ठेवायची व्यवस्था, जाड शाफ्ट. ज्या हलकेपणासाठी सगळा खटाटोप केला तो अशा वाटांनी परत जातो. भुसभुशीत बर्फाची ताकद पेलायचीही एक मर्यादा असते. वल्ह्यांखालचा बर्फ सोसेल त्याहून जास्त ओढ दिली की यंत्र पुढे न जाता जागच्या जागी खड्डा खणतं. तिथे गरज असते ती लांब ट्रॅकची, हलक्या ट्रॅकची आणि थ्रॉटलवरच्या सभ्य अंगठ्याची.

यावर नेहमी एक प्रतिवाद येतो की जास्तीची ताकद संकटातून बाहेर काढते. वर हिमस्खलन सुटलं तर अंगठा दाबून निसटता येतं. कधीतरी तसं होतही असेल. पण वाढलेली ताकद नेमकी कुठल्या दिवशी उपयोगी पडते ते पाहा. घट्ट बसलेल्या बर्फात 165 अश्वशक्तीचं यंत्र जवळपास कुठलाही उतार चढतं. तिथे 180ची गरज नसते. फरक पडतो तो रात्रभर नवा बर्फ पडल्यावर, खोल पावडरमध्ये, तीव्र उतारावर. आणि हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो तोही त्याच दिवशी, 30 ते 45 अंशांच्या त्याच उतारांवर. म्हणजे शेवटच्या पंधरा-वीस अश्वशक्ती विकत घेणारा माणूस मुख्यतः धोक्याच्या दिवशी धोक्याच्या जागी पोहोचण्याची क्षमता विकत घेत असतो. 28 डिसेंबर 2008 रोजी ब्रिटिश कोलंबियात फर्नीजवळ 11 स्नोमोबाइलस्वार लागोपाठच्या हिमस्खलनांत सापडले आणि त्यातले 8 दगावले. त्यातले काही जण तर आधी गाडल्या गेलेल्यांना खणून काढायला आलेले होते. मार्च 2010मध्ये रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर डोंगर चढण्याच्या अनौपचारिक मेळाव्यावर हिमस्खलन कोसळून दोघांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. या दुर्घटनांचा दोष मी इंजिनांवर टाकत नाही, तो तसा टाकताही येणार नाही. निर्णय माणसांचे असतात. तरीही माणसाला कुठे नेऊन निर्णय घ्यायला लावायचं हे यंत्र ठरवतं. याउलट हलकं यंत्र झाडीत सुरक्षित, कमी तीव्र उतारांवरही मजा देतं, आणि मजबूत यंत्र संध्याकाळी परत आणतं. वजन, मजबुती आणि ताकद या तिघांत ज्याला थांबवायचं तो भिडू कोण, याचं माझं उत्तर यातून येतं.

जाता जाता विजेबद्दल. कागदावर विजेची मोटर डोंगरासाठी आदर्श आहे. विरळ हवेने तिचं काहीच बिघडत नाही, टर्बोची भानगडच नाही. अडतं ते पुन्हा वजनाशी. 30 किलो पेट्रोलमध्ये साडेतीनशे किलोवॉट-तासांहून जास्त ऊर्जा असते. इंजिनाने त्यातला पाचवा हिस्सा वापरला तरी 70 किलोवॉट-तास ट्रॅकच्या दिशेने जातात. तेवढी वीज साठवायला आजच्या बॅटरीचं वजन पेट्रोलच्या यंत्राच्या एकूण वजनापेक्षाही जास्त भरेल. मॉन्ट्रियलच्या तैगा कंपनीने विजेवरची स्नोमोबाइल बाजारात आणली आणि 2024मध्ये तिला धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागावं लागलं. आखलेल्या वाटांवर वीज लवकरच रुळेल असं मला वाटतं. खोल बर्फाच्या डोंगरात इतक्यात नाही.

मग करायचं काय? नवं सरकारी खातं उघडायची गरज नाही. अमेरिकेत प्रदूषणाचे नियम 2006च्या मॉडेलपासून लागू आहेत. आवाज, ब्रेक, दिवे यांची तपासणी करून प्रमाणपत्राची पट्टी लावणारी स्नोमोबाइल सेफ्टी अँड सर्टिफिकेशन कमिटी उत्तर अमेरिकेत अनेक दशकं काम करते आहे. त्याच पट्टीवर द्रवांसकट, पूर्ण टाकीसकट मोजलेलं वजन छापणं बंधनकारक करा. पुढच्या आणि मागच्या भागावर किती भार येतो तेही द्या, म्हणजे ते वजन कुठे आहे हे कळेल. ट्रॅकचं वजन वेगळं द्या. अश्वशक्ती समुद्रसपाटीची आणि 3000 मीटरची, दोन्ही छापा. मजबुतीसाठी निदान एवढं करता येईल: पुढून ठरावीक धडक दिल्यावर आधी काय मोडतं आणि ते बदलायला किती तास लागतात, याची ठरलेली चाचणी घ्या आणि निकाल जाहीर करा.

कंपन्यांची हरकत मला माहीत आहे. बाजार लहान आहे, यामाहाने 2023मध्येच या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं, आता आणखी चाचण्यांचा खर्च कुणी सोसायचा? हरकत अगदीच पोकळ नाही. पण वजन करायला काटा लागतो, तो प्रत्येक कारखान्यात आहे. धडकेच्या चाचण्याही बहुतेकांच्या आवारात होतच असणार, त्याशिवाय कुणी ए-आर्मची जाडी ठरवत नाही. खर्च आधीच झालेला आहे, उरतं ते आकडे बाहेर काढणं. आणि ग्राहकांनीही विक्रेत्याच्या दुकानात पुढच्या वेळी अश्वशक्ती विचारण्याआधी बल्कहेडच्या सुट्या भागाची किंमत विचारून पाहावी. विक्रेत्याला ती शोधायला किती वेळ लागतो यावरूनही बरंच काही कळेल.